जुनी फियाट घरच्या गाळ्यात उभी करताना

आमच्या पेढीवर कापडाचे भाव विचारायला येणारे काही व्यापारी बंधू अलीकडे कापडाचे बोलणे संपले की दुसराच विषय काढतात. कुणाच्या वाड्यात वडिलांची फियाट ताडपत्रीखाली उभी आहे, कुणाच्या सासरी मॉरिस मायनर आहे, कुणी भंगारवाल्याकडे पद्मिनी पाहून आला आहे. आम्ही आमची गाडी घरीच दुरुस्त करून घेतली हे त्यांच्या कानावर गेलेले असते. प्रश्न एकच असतो : किती खर्च येतो, आणि यात पैसा आहे का? प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा जो तजुर्बा आला तो हिशेबासकट लिहून टाकावा म्हणून हा लेख.

आमची गाडी १९७२ सालची फियाट ११०० आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० च्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यातल्या जुन्या, गोल नाकाच्या गाडीला मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ नंतर चौकोनी अंगाची ११०० डी आली आणि तीच १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. म्हणून आमच्या गाडीवर फियाटचा बिल्ला असला तरी इंजिन, ब्रेक, पुढचे-मागचे सस्पेन्शन यांचे बहुतेक भाग पद्मिनीचे चालतात. समोरची जाळी, दिवे, बिल्ले आणि पट्ट्या मात्र जुळत नाहीत. खरेदी करण्यापूर्वी हा फरक समजून घ्यावा, नाहीतर शंभर रुपयांची वस्तू शोधण्यात सहा महिने जातात.

ही गाडी अब्बांनी १९७८ मध्ये जुनी म्हणून घेतली होती. नवी गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. सुताच्या गिरणीपर्यंत आणि बाजारापर्यंत त्यांनी ती एकोणीस वर्षे फिरवली. १९९७ मध्ये नोंदणीची मुदत संपली, मंदीचे दिवस होते, गाडी लूमच्या गाळ्यात लावली ती तिथेच राहिली. २००९ मध्ये अब्बा गेले. पुढे आम्ही तो गाळाही बंद केला, लूम वजनावर विकले, आणि गाळ्यात राहिली फक्त फियाट.

२०१९ मध्ये आम्ही ती एका गॅरेजला दिली आणि पहिली चूक तिथेच झाली. सत्तर हजार रुपये एकरकमी आगाऊ दिले. लिखापढी काही नाही. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली हे खरे, पण त्याआधीचे आठ महिने काय झाले ते गॅरेजवाल्याला सांगता आले नाही. गाडी दोन पावसाळे उघड्यावर उभी होती. टो करून परत आणली तेव्हा कार्बोरेटर, हॉर्नची रिंग, एक हेडलाइट आणि डाव्या मागच्या दरवाज्याचे हँडल नव्हते, आणि ज्या पत्र्यावर आधी फक्त गंजाचे डाग होते त्यातून आता बोट जात होते. चाळीस वर्षे आम्ही प्रोसेस हाऊसला कापड देतो. ताके मोजून, चलन लिहून, माल परत आल्यावर मीटर तपासून मगच मजुरी चुकती करतो. अब्बांची गाडी मात्र डोळे मिटून दिली.

आधी पत्रा पाहावा

जुनी गाडी घेणारा पहिल्यांदा बॉनेट उघडतो आणि इंजिन सुरू होते का ते विचारतो. कापड न पाहता बटणे पाहण्यातला हा प्रकार आहे. या फियाटला ट्रकसारखी किंवा जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दरवाज्यांच्या खालून लांबीभर जाणाऱ्या पोकळ पेट्या, खांब आणि छत एकमेकांना जोडून जो सांगाडा होतो तीच तिची चासी. मद्रासला तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डची गोष्ट वेगळी होती. तिला खाली लोखंडी चासी होती, बोल्ट खोलून बॉडी वर उचलता येत असे. फियाटची बॉडी सडली म्हणजे गाडीच सडली. आमचे टिनकामाचे उस्ताद, ज्यांनी कुर्ल्यात टॅक्सींच्या कामात आयुष्य घालवले, पहिल्या दिवशी गाडीखाली वाकून पाहिल्यावर एवढेच म्हणाले, "सेठ, इंजिन तो बाजार में मिल जाएगा, बॉडी कहाँ से लाओगे?"

तपासण्यासाठी दोन वस्तू पुरतात. एक लहान लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर. चुंबक रंगावरून फिरवावा. जिथे तो पकड सोडतो तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. मग रबरी मॅट काढून तळपत्रा, दरवाज्यांखालच्या पेट्या, जॅक लावायच्या जागा, दरवाज्यांचा खालचा काठ, डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि मागच्या पाट्याची स्प्रिंग जिथे बॉडीला धरते ती जागा दाबून पाहावी. पाटा धरणारी जागा गेली असेल तर किंमत कितीही कमी असो, त्या गाडीचा मोह सोडावा असे आमचे मत आहे. शेवटी चारही दरवाजे उघडून लावून पाहावेत. दरवाजा लावताना वर उचलावा लागत असेल तर बिजागरी झिजली असेल, किंवा गाडी मध्ये वाकली असेल. दुसरे असेल तर खर्च तिप्पट धरावा.

आमच्या गाडीच्या दोन्ही पेट्या आणि अर्धा तळपत्रा गेला होता. काम करण्याची रीत उस्तादांकडून शिकलो ती अशी. गाडी सपाट जमिनीवर चार भक्कम घोड्यांवर समपातळीत घ्यायची. दरवाज्याच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या तात्पुरत्या वेल्ड करायच्या, म्हणजे सडलेली पेटी कापल्यावर चौकट मिटत नाही. एका वेळी एकच बाजू कापायची. ती पूर्ण जोडून, दरवाजे बसवून, चारी बाजूंची फट सारखी येते हे पाहिल्याशिवाय दुसऱ्या बाजूला कटर लावायचा नाही. घाईने दोन्ही बाजू एकदम कापलेली एक गाडी आम्ही पाहिली आहे. तिचे दरवाजे आजही बसत नाहीत.

नव्या पेट्या तयार मिळाल्या नाहीत. उस्तादांनी २० गेजचा पत्रा सागाच्या ओंडक्यावर ठेवून हातोडीने वळवला. कागदी फर्मा नाही, मोजपट्टीही क्वचित. डाव्या हाताचा तळवा पत्र्यावरून फिरवून उंचवटा सांगायचे. जोडणीला त्यांनी आधी गॅस वापरला, पण लांब सपाट भागावर गॅसच्या आचेने पत्रा लाटेसारखा होतो. तिथे भाच्याने सीओटू वेल्डिंगने दूरदूर ठिपके मारले, एक इथे, दुसरा वीतभर पलीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचे. या एका मुद्द्यावर शागीर्दाने उस्तादांना शिकवले आणि उस्तादांनी ते मनमोकळेपणे कबूल केले. पेटी बंद करण्यापूर्वी आतून झिंकचा प्रायमर आणि वेल्डिंगनंतर छिद्रातून मेणयुक्त गंजरोधक सोडावे. पाणी बाहेर जायची भोके पुट्टीने बुजवू नयेत, कारण पेटी आतूनच सडते.

गाळ्यातील बंदोबस्त

फियाटची लांबी ३.९३ मीटर आणि रुंदी १.४६ मीटर आहे. भोवती माणूस बसून काम करू शकेल एवढी जागा धरली तर वीस फूट बाय बारा फूट गाळा हवाच. आमच्याकडे जागा होती, पण माळ्यावर ग्रे कापडाचे चाळीस ताके होते आणि कोपऱ्यांत लूमच्या काळातली रुई. उस्तादांनी गॅस पेटवायला साफ नकार दिला. दोन दिवस हमाल लावून माळा रिकामा केला, भिंती झाडल्या, मग काम सुरू झाले. तेव्हा आम्हाला हा नखरा वाटला होता. तिसऱ्याच दिवशी वेल्डिंगची ठिणगी मागच्या सीटच्या काथ्यात शिरली आणि अर्ध्या तासाने धूर दिसला. बादली जवळ होती म्हणून निभावले. सीट, छताचे कापड आणि बॅटरी वेल्डिंगपूर्वी गाडीबाहेरच काढलेली बरी.

पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करू नये. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि तिचा स्फोट होतो. गाडीखाली जाताना केवळ जॅकवर भरवसा नको, घोड्या लावाव्यात. यावर अधिक लिहीत नाही, प्रत्येक मिस्त्रीला हे ठाऊक असते आणि निम्मे पाळत नाहीत.

गाडी सोडवताना निघालेल्या प्रत्येक वस्तूवर आम्ही कापडाच्या ताक्याला लावतो तशी चिठ्ठी लावली. स्क्रू, वायसर वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि वहीत क्रमांकानुसार नोंद. गंमत अशी की सवयीने आम्ही वही उर्दूत लिहिली. वायरिंगचा मिस्त्री आला, त्याने पाने उलटली आणि हात जोडले. भाच्याने बसून अडीचशे नोंदी मराठीत उतरवल्या. मोबाइलवर फोटो काढले असतील तरी वही ठेवावी, कारण फोटोत कोणता स्क्रू लांब आणि कोणता आखूड ते कळत नाही.

इंजिन आणि पेट्रोल

इंजिन तसे साधे आहे. चार सिलिंडर, १०८९ सीसी, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, पण हेड अॅल्युमिनियमचे. या दोन धातूंचे गरम होऊन फुगण्याचे प्रमाण वेगळे असल्याने गाडी एकदा जरी जास्त तापली तरी हेड वाकते आणि गॅस्केट उडते. बोअरिंगचे जड पाणी घातलेल्या गाड्यांत हेडच्या पाण्याच्या वाटा आतून खाल्लेल्या असतात. आमचे हेड खराद्याकडे फेसिंगला नेले तेव्हा एका वाटेचा काठ उरलाच नव्हता. तिथे अॅल्युमिनियमचे वेल्डिंग भरून पुन्हा सपाट करावे लागले. कूलंटचा डबा त्या मानाने स्वस्त पडला असता.

बोअर करायचा तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्यावेत, मग ते मोजून बोअर करावा. उलट केले तर बोअर झालेला ब्लॉक आणि बाजारात त्या मापाचा पिस्टन नाही, अशी पंचाईत होते. क्रँक घासताना बेअरिंगच्या बाबतीतही हाच नियम.

पेट्रोलविषयी लोकांच्या मनात दोन शंका असतात. पहिली शिशाची. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळते आणि त्याने जुने इंजिन खराब होते असे सांगितले जाते. या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या बसवलेल्या असतात. झिजल्या असतील तर खराद्याकडून कठीण धातूच्या नव्या सीट बसवून घ्याव्यात, विषय संपला. दुसरी शंका इथेनॉलची, आणि ती खरी आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो किंवा चिरतो. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि नवा पडदा बसवणे हा खर्च टाळू नये. मिश्रण थोडे पातळ होत असल्याने कार्बोरेटरचा जेटही मिस्त्रीकडून पाहून घ्यावा. उन्हाळ्यात पेट्रोल पंपात वाफ धरून गाडी बंद पडण्याची फियाटची जुनी खोड आहेच. टॅक्सीवाले पंपावर ओले फडके ठेवायचे, आम्हीही एक सुती तुकडा डिकीत ठेवतो. पॉलिस्टर पाणी धरत नाही, ते चालत नाही.

ब्रेक मात्र इंजिनच्या आधी करावेत. चारही चाकांना ड्रम, एकाच मास्टर सिलिंडरवर. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. रबरी नळ्या आणि सिलिंडरच्या वाट्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी सरसकट बदलाव्यात. स्टेअरिंगवरचा हँड गिअर अडकत असेल तर गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी दांड्यांचे बुश पाहावेत. आमच्याकडे काही शे रुपयांत काम झाले, आधीच्या मिस्त्रीने पूर्ण गिअरबॉक्स सांगितला होता.

सुटे भाग आणि कागदपत्रे

मुंबईत ऑपेरा हाऊसजवळची दुकाने, कुर्ल्याचे भंगार, चोरबाजार. दिल्लीत काश्मिरी गेट, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार. माल इथे मिळतो, पण पूर्वीसारखा नाही. जोवर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावर होती तोवर दुकानदार माल भरत होता. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. त्यानंतर आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने फियाटचा फडताळ रिकामा करून तिथे मारुतीचा माल लावला. त्याला दोष देता येत नाही. ज्या दिवशी तो फडताळ रिकामा करत होता त्या दिवशी आम्ही तिथे होतो, म्हणून ब्रेकची दोन पूर्ण किट आणि पाण्याचा पंप स्वस्तात मिळाला.

कागदांकडे पत्र्याइतकेच लक्ष द्यावे. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. भावंडांची संमती आधी लेखी घ्यावी, गाडी चकचकीत झाल्यावर नव्हे. आमचे एक भाईजान, जे पंचवीस वर्षे 'ते डबडे काढा' म्हणत होते, रंग झाल्यावर हिस्सा विचारू लागले. घरातली गोष्ट, घरातच मिटली.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या खासगी गाडीसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'विंटेज' नोंदणीचा नियम केला. फॉर्म २० वर अर्ज, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, आधीची नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज फिरवायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी त्याची फी १०,००० रुपये झाली. आणखी एक. विंटेज नियमात चासी, बॉडी किंवा इंजिन मूळ स्वरूपातच हवे. सोय म्हणून मारुतीचे इंजिन टाकलेल्या फियाटला हा दरवाजा बंद आहे. रंग किंवा इंजिन बदलले तर आरसीवर नोंद हवी, हे सर्वच गाड्यांना लागू.

हिशेब

आमच्या वहीतील आकडे देतो. टिनकाम, मजुरी आणि पत्रा मिळून १,१०,००० रुपये. इंजिन ६२,०००. ब्रेक आणि सस्पेन्शन ३८,०००. रंग ७५,०००. वायरिंग व बॅटरी २४,०००. पाच टायर २२,०००, कारण ५.२०-१४ हे माप सहज मिळत नाही. सीट १८,०००, कापड घरचे धरूनही. क्रोमची पट्टी-बंपर १६,०००. जॅक, घोड्या, वेल्डिंगचे सामान २७,०००. बेरीज ३,९२,०००. गॅरेजला दिलेले सत्तर हजार मिळवले तर ४,६२,०००. कागदपत्रांचा खर्च वेगळा. वेळ २०२१ ते २०२४, चार वर्षे. मार्चमध्ये एका गृहस्थांनी तीन लाख देऊ केले आणि आपण फार देत आहोत असा त्यांचा चेहरा होता.

तेव्हा जुनी गाडी घ्यावी, सजवावी आणि नफ्याने विकावी असा ज्यांचा बेत आहे त्यांनी भांडवल चार वर्षे अडकवायची तयारी ठेवावी आणि व्याज धरावे. आम्ही व्याज धरलेले नाही, धरले असते तर हा लेख लिहिला नसता. गाडी घरची असेल, जागा घरची असेल आणि मजुरी कामाच्या टप्प्याने देणार असाल, पेटी जुळली की इतके, तळपत्रा झाला की इतके, तर खर्च हाताबाहेर जात नाही.

धंदा आहे तो दुसऱ्या बाजूला, आणि त्याकडे आपल्या तरुणांचे लक्ष नाही. उस्तादांची रोजी १,२०० रुपये होती आणि त्यांच्याकडे पाच महिन्यांचे काम आधीच ठरलेले असे. तीन मुलगे आहेत, एकानेही हातोडी धरली नाही. २०२३ मध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, उजवी बाजू तीन महिने तशीच कापलेली उभी होती आणि मुंबईत दुसरा माणूस आम्हाला मिळाला नाही. जे भेटले ते सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून वर पुट्टी मारणारे. शेवटी उस्ताद खुर्ची टाकून बसले आणि आयटीआय झालेल्या आमच्या भाच्याच्या हातून त्यांनी काम करून घेतले. तो चुकला की काठीने जमिनीवर ठोकायचे. पहिली पेटी तीनदा कापून टाकावी लागली, तीन पत्र्यांचे नुकसान आमच्या वहीत आहे.

आज भाच्याकडे बाहेरच्या दोन गाड्या उभ्या आहेत, एक हेराल्ड आणि एक पद्मिनी. आगाऊ रक्कम तो फक्त पत्र्यापुरती घेतो आणि चलन लिहून देतो, कारण तशी अट आम्हीच घातली आहे. लूमचा गाळा त्याला भाड्याने दिला आहे. उस्ताद आठवड्यातून दोनदा येतात, चहा घेतात, तळवा पत्र्यावरून फिरवतात. आमच्या फियाटच्या डाव्या मागच्या दरवाज्याला सध्या टॅक्सीचे हँडल बसवले आहे. मूळचे अजून मिळालेले नाही.